मधपेट्यांचं दुकान आणि परागवाहक शिक्षण केंद्र कसं उभं करावं

मधाच्या बाटल्या विकणारी दुकानं कुठेही भेटतात. पेटी, मेणपत्रा (पोळ्याच्या पायासाठी घरांचे ठसे उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा), धूमक (माश्या शांत करायला धूर सोडणारं साधन), बुरखा आणि राणीसकट वसाहत एकाच ठिकाणी मिळेल, शिवाय ती कशी सांभाळायची हे दाखवणारं माणूसही तिथेच असेल, अशी जागा तालुक्याच्या गावी बहुधा नसते. ती उभी करायची तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. पेटी एका गिऱ्हाइकाला एकदाच विकली जाते. मेणपत्रे, जादा मधकोठ्या (पेटीवर चढवायचे मधाचे कप्पे), चौकटी, नवी राणी, यंत्राची दुरुस्ती, मध गाळून देण्याचं काम ही सगळी खरी उलाढाल दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. आणि गिऱ्हाइकाची वसाहत पहिला पावसाळा तगली, तरच ते दुसरं वर्ष येतं. शिक्षण केंद्र शोभेसाठी काढायचं असेल तर काढू नका. विकलेली वसाहत जगवणं हे त्याचं पहिलं काम आहे.

आधी शिवार, मग गाळा

गाळ्याचं भाडं विचारण्याआधी भोवतालच्या २ किलोमीटरमध्ये बारा महिने काय फुलतं याची महिन्यावार वही करा. सातेरी माशी (आपली देशी मधमाशी) साधारण तेवढ्याच टापूत चरते; मेलीफेरा (परदेशातून आलेली, पेटीत पाळायची मोठी मधमाशी) ३ किलोमीटर किंवा त्याहून लांबही जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणाच्या बाजूला जांभूळ, पिसा, गेळा, हिरडा, ऐन असा झाडांचा मोहोर आणि भरपूर पाऊस असतो. तिथे सातेरीच विकावी. पठारावर आणि मराठवाड्यात सूर्यफूल, कांद्याचं बियाणं, डाळिंब, शेवगा, बाभूळ, बोर आहे, पण फुलोरा तुकड्या-तुकड्यांनी येतो. तिथे मेलीफेरा चालते, मात्र पेट्या फिरवणाऱ्यालाच. एका जागी बसवून ठेवलेली मेलीफेरा पावसाळ्यात साखर खात बसते आणि मालकाचा हिशेब तोट्यात जातो. अशा माणसाला मेलीफेरा विकली तर त्याचा राग तुमच्यावरच निघणार.

दोन शेजार टाळावेत. पहिला गुऱ्हाळाचा. हंगामात रसाच्या वासाने माश्या कढईकडे जातात आणि हजारोंनी मरतात. केंद्रातल्या वसाहती महिनाभरात निम्म्यावर येतात. मिठाईचा कारखाना, रसवंतीची रांग यांचंही तेच. दुसरा शेजार सलग द्राक्षबागांचा. द्राक्षाला मधमाशीची गरज जवळजवळ नसते आणि फवारण्या मात्र एकामागून एक चालू असतात. डाळिंब, कांदा बीजोत्पादन, कलिंगड, काकडी, दोडकी-कारली यांचा पट्टा जवळ असेल तर उत्तम, कारण तिथल्या शेतकऱ्याला मधापेक्षा परागीभवनासाठी पेट्या हव्या असतात आणि तो मोबदलाही देतो.

जागेचा अंदाज असा: दुकान ३०० ते ४०० चौरस फूट, मध काढणी-गाळणीची बंदिस्त खोली १५० चौरस फूट, पंचवीस-तीस माणसं बसतील असा हॉल ५०० चौरस फूट, आणि बाग-पेट्यांसाठी निदान ५ गुंठे. बाग रस्त्यापासून आत, दुकान रस्त्यावर. मध काढायची खोली दुकानाला लागून असली तरी तिला दोन दारं हवीत, एकामागे एक. खिडक्यांना बारीक जाळी लावा आणि जाळीच्या वरच्या टोकाला अरुंद फट ठेवा: आत आलेली माशी उजेडाकडे वर चढते आणि तिथून बाहेर पडते. हे केलं नाही तर मे महिन्यात, बाहेर फूल नसताना, मधाच्या वासाने माश्यांची झुंबड खोलीत घुसते आणि त्या दिवशी दुकान बंद ठेवावं लागतं.

प्रशिक्षण आणि कागद

चालवणाऱ्या माणसाने स्वतः प्रशिक्षण घेतल्याशिवाय पाटी लावू नये. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आणि ५० टक्के स्वगुंतवणूक असं सूत्र आहे. वैयक्तिक मधपाळाला १० दिवसांचं आणि केंद्रचालकाला २० दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, पुढे भुदरगड तालुक्यातलं पाटगावही. दुकान काढण्याआधी या दोन्ही गावांत एकेक दिवस घालवा. माहिती दालन आणि गावातल्या पेट्या यांची सांगड कशी घातली आहे ते बघण्यासारखं आहे.

बाकी कागद थोडक्यात. दहापेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना अर्ज पुरतो. मध विकायचा म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना लागतोच, नुसती किरकोळ विक्री असली तरी. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का हवा. पेट्यांची नोंद राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर करून घ्या. शाळेच्या सहली येणार असतील तर सार्वजनिक दायित्वाचा विमा काढाच. या एका खर्चात काटकसर करू नये.

माल भरताना

सगळ्यात जास्त घोटाळा पेटीच्या मापात होतो. भारतीय मानकात ए, बी आणि सी अशा तीन जाती आहेत. ए आणि बी सातेरीसाठी. ए न्यूटन नावाच्या जुन्या छोट्या पेटीच्या जवळची, बी तिच्याहून मोठी. सी म्हणजे मेलीफेराची लँगस्ट्रॉथ नावाची पेटी. एकीची चौकट दुसरीत बसत नाही. त्यात गावोगावचे सुतार आपापल्या अंदाजाने पेट्या करतात. म्हणून तुमच्या भागात आधीपासून कोणतं माप चालू आहे ते पाहा आणि सातेरीसाठी एकच माप ठेवा. दोन मापं ठेवली की गिऱ्हाईक चुकीच्या चौकटी घेऊन जातो आणि भर हंगामात परत येतो.

सुताराकडून पेट्या करून घेत असाल तर तीन गोष्टी स्वतः मोजा. चौकट आणि पेटीची भिंत यांच्यातली मोकळी जागा सातेरीला ७ ते ८ मिलिमीटर, मेलीफेराला ९ मिलिमीटरच्या आसपास. जागा जास्त राहिली तर माश्या तिथे आडवं पोळं बांधतात, कमी राहिली तर चौकट मेणाने किंवा झाडांच्या चिकापासून केलेल्या रोगणाने चिकटवून टाकतात. दोन्ही प्रकारांत चौकट उचलताना पिलावा (अंडी, अळ्या आणि कोषांचा भाग) फाटतो. दुसरं, शेजारच्या दोन चौकटींच्या मध्यांतलं अंतर: सातेरीला ३१-३२, मेलीफेराला ३५ मिलिमीटर. तिसरं, लाकूड पूर्ण वाळलेलं आणि बिनवासाचं असावं. ओलं लाकूड पहिल्याच उन्हाळ्यात वाकतं आणि झाकणाखाली फट पडते. मुंग्या आणि मेणकिडा तिथूनच शिरतात. रंग द्यायचा तो बाहेरून, फिकट. आतून कधीच नाही.

मेणपत्र्याच्या बाबतीतली गफलत याहून वाईट, कारण ती लगेच कळत नाही. मेलीफेराच्या पत्र्यावरचं घर (षटकोनी कप्पा) साधारण ५.३ मिलिमीटरचं, सातेरीचं ४.७ ते ४.९. सातेरीला मोठ्या घराचा पत्रा दिला की पोळं वेडंवाकडं होतं आणि नरांची घरं वाढतात. दोन्ही पत्रे वेगळ्या रंगाच्या डब्यांत ठेवा आणि विकताना विचारा, "कुठली माशी?" हाच प्रश्न राणीजाळीलाही (राणीला मधकोठीत जाऊ न देणारी जाळी). मेलीफेराच्या जाळीची फट ४.२ मिलिमीटरच्या आसपास असते. सातेरीची राणी बारीक, ती त्यातून सहज वर जाते आणि मधकोठीत अंडी घालते. पत्र्यात पॅराफिन मिसळलेलं असेल तर तो उन्हाळ्यात वसाहतीच्या वजनाने ओघळतो. नवीन पुरवठादाराचे दोन पत्रे एका वसाहतीत लावून पाहिल्याशिवाय मोठी ऑर्डर देऊ नका. मेणपत्र्यांचे गठ्ठे टिनाच्या छपराखाली ठेवू नयेत: मेण वितळतं ६२ ते ६५ अंशांना, पण चाळिशीच्या पुढे पत्रे एकमेकांना चिकटून वाया जातात.

पहिल्या हंगामासाठी साधारण इतका साठा पुरतो: सातेरीच्या ३० पेट्या, भाग पठारावरचा असेल तर मेलीफेराच्या १०, पेटीमागे १५ ते २० मेणपत्रे, धूमक २०, पटाशी (चौकटी सोडवायची लोखंडी पट्टी) ३०, बुरखे ४० (घरातलं दुसरं माणूस आणि गडी यांनाही लागतो, हे गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी आठवतं), खाद्यपात्रं ४०, राणी पिंजरे २५, मुंग्यांसाठी स्टँडखालच्या वाट्या पेटीमागे ४. मधयंत्रं (चौकट गरगर फिरवून पोळं न मोडता मध काढणारी) विकायला २ पुरे. दोन-चार पेट्यावाल्याला स्वतःचं यंत्र घ्यायला लावू नका. एक यंत्र दिवसाच्या भाड्याने द्या. यंत्र ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचंच हवं. मध आम्लधर्मी असतो, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला तो खातो. आणि यंत्राची जाळी कोणत्या मापाच्या चौकटीची आहे ते तपासा, नाहीतर सातेरीची चौकट मेलीफेराच्या जाळीत आडवी पडून पोळं तुटतं.

धूमकासोबत जळण म्हणून नारळाची वाळलेली शेंडी आणि जुनं तागाचं गोणपाट पुडीत बांधून द्या. नाहीतर लोक प्लॅस्टिकचं पोतं नाहीतर तेलाचं फडकं जाळतात, माश्या बिथरतात आणि दोष धूमकाला.

जुन्या पेट्या विकत घेऊन पुन्हा विकण्याचा मोह होईल. घ्या, पण आतून ब्लोलँप फिरवून लाकूड तपकिरी होईपर्यंत शेकल्याशिवाय दुकानात आणू नका. जुनी पोळी तर नकोच.

वसाहत फळीवर ठेवून विकता येत नाही

ती नोंदवून घ्यायची आणि हंगामात द्यायची. पठारावर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, देणं चांगलं. पुढे फुलोरा असतो, वसाहत वाढते आणि नवख्याचा धीर टिकतो. मे-जूनमध्ये वसाहत विकणारा दुकानदार पाहिला तर त्याच्याकडून काहीही घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

देताना गिऱ्हाइकासमोर पेटी उघडा. सातेरीची वसाहत असेल तर माश्यांनी दोन्ही बाजूंनी झाकलेल्या निदान ४-५ चौकटी, त्यांपैकी ३ चौकटींत पिलावा, आणि अंडी घालणारी एक वर्षाच्या आतली राणी. मेलीफेराच्या ८ चौकटी. राणी दिसली नाही तरी चालेल, पण घराच्या तळाशी एकेकटं उभं अंडं दिसलं पाहिजे. एकाच घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, दिसली तर राणी नाही आणि कामकरी माश्या अंडी घालताहेत. ती वसाहत देऊ नका. पिलाव्यात डोकं वर उचललेली, पाण्याच्या पिशवीसारखी फुगलेली अळी दिसली तर तो थाई सॅकब्रूड विषाणू आहे. त्याला औषध नाही. राणी काही दिवस पिंजऱ्यात ठेवून पिलावा थांबवतात किंवा राणी बदलतात, पण विक्रीसाठी त्या वसाहतीचा विचार सोडून द्यावा.

बाहेरून आणलेल्या वसाहती महिनाभर वेगळ्या ठेवा, केंद्रातल्या पेट्यांपासून लांब. मेलीफेरा असेल तर व्हरोआ या माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या परजीवी कोळ्यांची मोजणी पिठीसाखरेने करा: पिलाव्याच्या चौकटीवरच्या अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या (राणी त्यात नाही याची खात्री करून) जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या, दोन चमचे पिठीसाखर टाका, एक मिनिट हलवा, दोन मिनिटं ठेवा आणि पांढऱ्या थाळीत पाण्यावर झटका. माश्या परत पेटीत सोडा. ९ कोळी म्हणजे ३ टक्के. तिथून पुढे उपचार केल्याशिवाय विकू नये. प्रतिजैविकं दुकानात ठेवू नका. लोक अंदाजाने घालतात आणि त्यांचा अंश मधात उतरतो.

पहिल्यांदा घेणाऱ्याला एक पेटी देऊ नका, दोन द्या. एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देता येते, आणि वसाहत बरी चालली आहे की नाही हे ताडून बघायला शेजारी दुसरी असते. त्याच्या रानात फूल नसेल तर अर्धीही देऊ नका.

वाहतूक रात्री. संध्याकाळी सगळ्या माश्या आत आल्यावर दारावर जाळी ठोका, चौकटी खिळ्याने किंवा पट्टीने घट्ट करा, गाडीत चौकटींची दिशा गाडीच्या लांबीला समांतर ठेवा म्हणजे ब्रेक मारल्यावर पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. नवी जागा जुनीपासून ३ किलोमीटरच्या आत असेल तर चरणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात आणि तिथेच घोटाळतात.

विक्रीनंतर दोन भेटी किमतीतच धरा: सातव्या दिवशी एक, एकविसाव्या दिवशी दुसरी. सातव्या दिवशी राणीने नवी अंडी घातली आहेत का ते पाहायचं. एकविसाव्या दिवसापर्यंत नव्या जागी घातलेल्या अंड्यांतून कामकरी माश्या बाहेर येऊ लागतात, आणि पेटी वाढीला लागली की घसरणीला हे तेव्हा कळतं. पळून जाणाऱ्या बहुतेक सातेरी वसाहती या काळात मुंग्या, ऊन किंवा उपासमारीमुळे पळतात, आणि तिन्ही गोष्टी एका भेटीत दिसतात.

पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी वसाहतीमागे आठवड्याला २०० ग्रॅम साखर, तेवढ्याच पाण्यात विरघळवून, थंड करून, संध्याकाळी पेटीच्या आतल्या खाद्यपात्रात. गूळ वापरू नये. माश्यांना हगवण लागते. पाक बाहेर सांडला की शेजारच्या वसाहती लुटायला येतात.

मध

ज्या चौकटीतली दोनतृतीयांशाहून जास्त घरं मेणाने बंद झाली आहेत तीच काढणीला घ्यायची. अन्नसुरक्षा मानकात मधातल्या पाण्याची मर्यादा २० टक्के आहे. घाटावरच्या सातेरीचा मध घाई केली तर सहज त्याच्या वर जातो आणि बाटलीत फसफसतो. काउंटरवर रिफ्रॅक्टोमीटर (मधातलं पाणी मोजायचं साधन) ठेवा आणि विकायला आलेल्या प्रत्येक डब्याचा आकडा मधपाळासमोर वहीत लिहा. भाव त्या आकड्यावर ठरवला की पुढच्या वर्षी कच्चा मध येणं आपोआप कमी होतं.

गाळणी मलमलीच्या कापडातून, मग दोन दिवस टाकीत निवळू द्यायचा. फेस आणि मेणाचे कण वर येतात. पातळ करण्यासाठी आचेवर थेट कधीच ठेवू नये. जास्त तापवला की त्यातला एचएमएफ (साखर तापल्यावर तयार होणारं रसायन) वाढतो, ज्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. गोठलेली बाटली ४०-४५ अंश पाण्यात ठेवली की पुरते. मध गोठतो म्हणजे त्यात साखर घातली असं नव्हे, हे पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण हा प्रश्न दर हिवाळ्यात रोज येतो. काडी पेटवून, पाण्यात थेंब सोडून, कागदावर डाग पाडून मधाची भेसळ कळत नाही हेही त्याच पाटीवर लिहा. तांदळाचा पाक या सगळ्या परीक्षांत पास होतो. तो प्रयोगशाळेतच सापडतो. तिसरी ओळ: एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये.

मधाची घनता १.४ च्या आसपास, म्हणून ५०० ग्रॅम मधाला साधारण ३६० मिलिलिटरची बाटली लागते. लेबलवर वजन ग्रॅममध्येच. फुलांची नावं जपून घाला. कारवी एका खोऱ्यात साधारण ७ वर्षांनी फुलते. गेल्या वर्षी फुललेल्या डोंगराचा ताजा 'कारवी मध' यंदा विकत असाल तर जाणकार हसतील. कारवीच्या मधात क्षपणकारी (रिड्यूसिंग) साखर, म्हणजे मुख्यतः ग्लुकोज-फ्रुक्टोज, मुळातच कमी असते, म्हणून मानकात त्याला ६५ ऐवजी ६० टक्क्यांची वेगळी सवलत आहे. खऱ्या कारवी मधाचा तपासणी अहवाल हातात आला की हे ठाऊक असलेलं बरं.

शिक्षण केंद्रात काय ठेवावं

लोक काचेची पेटी बघायला येतात, आणि तीच सगळ्यात जास्त चुकते. एका चौकटीची पेटी करा, दोन चौकटी समोरासमोर नकोत. मधली बाजू दिसत नाही आणि राणी नेमकी तिथे जाऊन बसते. दोन काचांमधलं अंतर सातेरीला ४० ते ४२ मिलिमीटर, मेलीफेराला ४४ ते ४६. पिलाव्याचं पोळं २५ मिलिमीटर जाड, बाकी दोन्ही बाजूंनी माशी चालेल एवढी जागा. अंतर वाढलं तर काचेवरच पोळं बांधतात आणि आठवड्यात काही दिसेनासं होतं. काच ५ मिलिमीटरची, टफन केलेली. बाजूच्या लाकडात हवेसाठी भोकं पाडा आणि त्यांना ३ मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी लावा. बाहेर जाण्यासाठी ३२ ते ४० मिलिमीटर व्यासाचा पाइप भिंतीतून काढून तोंड जमिनीपासून अडीच मीटर उंच ठेवा, म्हणजे उडणाऱ्या माश्या माणसांच्या डोक्यावरून जातात. खिडकीच्या उन्हात पेटी ठेवली तर काच तापते, मेण ओघळतं, आणि सगळं तासाभरात होतं. बघून झालं की लाकडी झडप बंद. एवढ्याशा वसाहतीला ऊब धरता येत नाही. म्हणून दर ३-४ आठवड्यांनी चौकट बागेतल्या पेटीत परत देऊन दुसरी आणावी. सातेरी काचेत बिचकते, मेलीफेरा शांत राहते. लहान मुलांसाठी मात्र नांगी नसलेल्या पोया माश्यांची छोटी पेटी सगळ्यात बरी. मुलं नाक लावून बघू शकतात.

केंद्र फक्त मधमाशीचं करू नका. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलातला पराग टोकाच्या छिद्रातून झटक्याने बाहेर पडतो. त्यासाठी फूल धरून अंग थरथरवावं लागतं. ते मधमाशीला जमत नाही. निळ्या पट्ट्यांच्या माश्या आणि सुतार भुंगे करतात. हे दाखवायला शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा घ्या, गुडघ्यावर वाजवा आणि वांग्याच्या ताज्या फुलाच्या पिवळ्या नळ्यांना टेकवा. खाली धरलेल्या काळ्या कागदावर पिवळी भुकटी पडते. सातवीच्या वर्गाला याहून काही समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा प्रयोग भोपळ्याचा. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या ५ मादी कळ्यांना (देठाशी इवलासा भोपळा असतो त्या) मलमलीची पिशवी बांधा, ५ मोकळ्या सोडा, सगळ्यांना दोरा बांधून खूण करा. फूल एक सकाळच उमलतं. दुसऱ्या संध्याकाळी पिशव्या काढा. आठ-दहा दिवसांत बांधलेले इवले भोपळे पिवळे पडून गळतात. कांदा बियाणं करणाऱ्या शेतकऱ्यांच्या वर्गात हाच प्रयोग गोंड्यावर जाळी बांधून करायचा आणि शेवटी दोन्ही गोंड्यांचं बी काट्यावर ठेवायचं. मग पेट्या भाड्याने घेण्याविषयी वेगळं बोलावं लागत नाही.

बागेत सलग फुलोरा हवा, सजावट नको. तुळस, सब्जा, शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू, धने, बडीशेप, मोहरी, सूर्यफूल. धने-मोहरी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरली तर हिवाळाभर फूल राहतं. रुई काढू नका, फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावर असतात. दुहेरी पाकळ्यांची संकरित फुलं दिसतात छान, पण त्यांत पराग-मकरंद नसतो म्हटलं तरी चालेल. एका कोपऱ्यात १० बाय १० फूट जमीन उघडी, न खणता ठेवा. एकेकट्या राहणाऱ्या पुष्कळ माश्या जमिनीत बिळं करतात आणि सगळीकडे फरशी किंवा आच्छादन असलेल्या बागेत त्या येत नाहीत. बांबूची कांडी ४ ते १० मिलिमीटर भोकाची, १२-१५ सेंटिमीटर लांब, मागून गाठीने बंद असलेली, जुडी बांधून पावसापासून आडोशाला टांगा आणि दर वर्षी बदला. जुन्या कांड्यांत बुरशी आणि कोळी साठतात. सुतार भुंग्यासाठी वाळका ओंडका पडू द्या.

पेट्यांसमोर २ मीटर उंच हिरवी जाळी किंवा दाट कुंपण लावा म्हणजे माश्या वरून उडतात. बघणाऱ्यांची वाट पेटीच्या दारापासून निदान ३ मीटर लांब आणि बाजूने. एका गटात १५ जण, त्यांच्यासोबत दोन जाणते. पेटी सकाळी, ऊन असताना उघडायची. ढगाळ हवेत आणि संध्याकाळी नाही. नांगी लागली तर नखाने असो वा पटाशीने, लगेच काढायची. उशीर झाला की विष जास्त उतरतं. अंगभर गांधी (खाजरे लाल चट्टे) उठणं, ओठ सुजणं, श्वास अडकणं, गरगरणं यांपैकी काही दिसलं तर थांबू नका, १०८ लावा. जवळच्या दवाखान्यात अॅड्रेनालिन (तीव्र अॅलर्जीवरचं इंजेक्शन) आहे का, हे पाटी लावण्याआधी विचारून ठेवा. आधी कुणाला नांगी लागून अंगावर गांधी उठल्या होत्या का हा प्रश्न शाळेच्या संमतीपत्रात असू द्या.

२० मे हा जागतिक मधमाशी दिन, पण त्या वेळी शाळांना सुट्टी आणि बागेत फूल नाही. शाळांच्या सहली दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत घ्या. मेमधला दिवस मधपाळांच्या बैठकीसाठी ठेवा.

भाड्याच्या पेट्या

डाळिंब किंवा कांदा बियाण्याला एकरी २-३ पेट्या ही नेहमीची शिफारस. पेट्या ५ ते १० टक्के फुलं उमलल्यावर न्यायच्या. आधी नेल्या तर माश्या शेजारच्या रानातलं दुसरं फूल धरतात आणि मग याच शेतावरून उडून तिकडे जात राहतात. करार कागदावर: किती चौकटींची वसाहत, किती दिवस, पेट्या असेपर्यंत फवारणी नाही, शेजाऱ्याची फवारणी असेल तर आदल्या संध्याकाळी फोन. फवारणी झालीच तर पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा खच पडतो. तारखेसह फोटो काढून ठेवा, नुकसानभरपाईचं कलम तेवढ्यावरच टिकतं.

आग्या मोहोळाचे फोन

पाटी लागली की हे फोन येणारच. सोसायटीच्या गच्चीखाली, पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या छज्जाला मोहोळ आहे, येऊन काढा म्हणून. आग्या माशी पेटीत राहत नाही आणि तिला हलवून दुसरीकडे बसवता येत नाही, हे पहिल्या वाक्यात सांगा. ती मोसमाप्रमाणे येते आणि फुलोरा संपला की स्वतःच जाते. बहुतेक वेळा त्या गॅलरीकडचा दिवा रात्री बंद ठेवणं, फटाके आणि धूर टाळणं आणि खाली वावर कमी करणं एवढ्याने निभावतं. जाळून किंवा औषध मारून काढायला निघालेल्यांना सांगा की चवताळलेल्या माश्या शेकडो मीटर पाठलाग करतात, आणि रस्त्याने जाणाऱ्यांवरच पडतात. हल्ला झालाच तर तोंड झाकून घरात किंवा गाडीत शिरायचं. पाण्यात उडी मारू नये, त्या वर घिरट्या घालत थांबतात. मोहोळ रहदारीच्या जागी असेल तर प्रशिक्षित माणसालाच बोलवायचं. त्यासाठी अशा दोन-तीन जणांचे नंबर त्यांच्या संमतीने काउंटरच्या वहीत पहिल्या पानावर असावेत, कारण फोन बहुधा रविवारी सकाळी येतो.